हैदराबादचा जावई

गणपतीचे दिवस आले की आपल्या मंडळातल्या जुन्या माणसांना हटकून एक विषय सुचतो. कोणाचे लग्न कोणत्या वर्षीच्या उत्सवात जमले! आरतीला उशीर झाला म्हणून मागे उभे राहावे लागले आणि शेजारी भावी सासूबाई उभ्या होत्या. नाटकात काम करणारी मुलगी आजारी पडली, ऐनवेळी कोणाची तरी भाची उभी केली, आणि प्रयोग संपेपर्यंत नायकाने मनाशी काही ठरवून टाकले होते. अशा गोष्टी आपण हसत हसत सांगतो आणि शेवटी म्हणतो, योग असतो एकेकाचा. योग म्हणजे नेमके काय, याचा विचार मात्र सहसा करत नाही.

यंदा आम्ही अशाच एका योगाची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या मंडळातली नाही, पण आपल्या शहरातली आहे, आणि तिचा नायक आपल्या रोजच्या नाही तरी दरवर्षीच्या वाटेवरचा आहे. हैदराबादकर मराठी घरांपैकी कितीतरी घरांची कुलदेवता तुळजाभवानी. नवरात्राच्या आधी किंवा नवे लग्न झाले की आपण सोलापूरच्या रस्त्याला लागतो, नळदुर्गला पोचतो आणि तिथून तुळजापूरकडे वळतो. वेळ असला तर नळदुर्गचा किल्ला बघतो, बोरी नदीवरच्या धरणाच्या पोटातला पाणीमहाल मुलांना दाखवतो, पावसाळा चांगला झाला असेल तर नर-मादी धबधबे पाहून खूश होतो. याच किल्ल्यात सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक इंग्रज अधिकारी राहत होता. लोक त्याला महादेवबाबा म्हणत. त्याचे खरे नाव फिलिप मेडोज टेलर. ठगांवरची कादंबरी लिहिणारा लेखक म्हणून तो जगाला माहीत आहे. तो हैदराबादचा जावई होता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

टेलरचा जन्म 25 सप्टेंबर 1808 चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. वडील व्यापारी, आईचे घराणे जुने आणि मानाचे. पण वडिलांचा व्यापार पुढे खालावला, आणि घरची परिस्थिती बदलली की मुलांचे शिक्षण आधी आखडते, हे तिथेही इथल्यासारखेच. शाळेत रमण्याच्या वयात फिलिप लिव्हरपूलच्या एका व्यापारी कचेरीत उमेदवारी करू लागला. ते काम त्याला मुळीच आवडत नसे. अशात मुंबईचे बॅक्स्टर नावाचे एक व्यापारी वडिलांच्या ओळखीत आले. मुंबईत आपली मोठी पेढी आहे, मुलाला पाठवा, एकविसाव्या वर्षी त्याला भागीदार करून घेतो, असा त्यांनी शब्द दिला. मुलाच्या आयुष्याचे सोने झाले असेच घरच्यांना वाटले असणार. 1824 च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांचा फिलिप जहाजात बसला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला मुंबईला उतरला.

उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आले की पेढी पोकळ आहे. बॅक्स्टरचा धंदा सांगितला होता तसा मुळीच नव्हता. मोठ्या व्यापाराच्या जागी दुकानदारी होती, आणि तीही अडचणीत होती. भागीदारी तर दूरच, साध्या पगाराचीही शाश्वती नव्हती. परत जायचे तर पाच महिन्यांचा समुद्र, आणि परत जाऊन करायचे काय, तर पुन्हा तीच नावडती कचेरी. परक्या देशात, सोळाव्या वर्षात पाऊल ठेवताना, त्या मुलाच्या पायाखालची जमीनच सरकली.

इथे पहिला योग आला. मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे त्याच्या आईच्या नात्यातले निघाले. त्यांनी मुलाला जवळ केले, बॅक्स्टरच्या करारातून त्याला सोडवून घेतले आणि ओळख खर्ची घालून निजामाच्या फौजेत त्याला अधिकाऱ्याची सनद मिळवून दिली. कंपनीच्या स्वतःच्या सैन्यात जागा मिळायची तर विलायतेतूनच नेमणूक व्हावी लागे. निजामाच्या पदरच्या फौजेतले इंग्रज अधिकारी मात्र हैदराबादच्या रेसिडेंटच्या मर्जीने इथल्या इथे नेमता येत. सनदेच्या या एका फरकामुळे लिव्हरपूलचा मुलगा मुंबईहून घाट चढून औरंगाबादेत, निजामाच्या मुलुखात येऊन दाखल झाला. व्यापारी व्हायला निघालेला मुलगा वर्ष संपायच्या आत शिपाईगडी झाला होता.

आता जरा आपल्या शहराकडे वळू. टेलर मुंबईला उतरला त्याच वर्षी, म्हणजे 1824 मध्ये, हैदराबादेत दुसरी एक पेढी बुडाली. ती मात्र पोकळ नव्हती. तिने एकेकाळी साऱ्या दौलतीला कर्ज पुरवले होते. तिचे नाव विल्यम पामर आणि कंपनी.

या पामर घराण्याशी आपला मराठी माणसांचा जुना संबंध आहे. विल्यमचे वडील जनरल पामर हे पेशव्यांच्या दरबारी पुण्याला इंग्रजांचे रेसिडेंट होते. 1800 साली नाना फडणीस वारले, तेव्हा मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला, अशा अर्थाचे उद्गार एका इंग्रज वकिलाने काढले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तो वकील म्हणजे हेच जनरल पामर. त्यांची पत्नी फैज बक्श बेगम ही दिल्लीकडच्या खानदानी घरातली. पुण्याला रेसिडेन्सीत तीही राहिली होती. पुढे ती हैदराबादेत आली आणि कोठीच्या रेसिडेन्सीची गोष्ट जिच्यामुळे अजून सांगितली जाते त्या खैरुन्निसा बेगमची जिवलग मैत्रीण झाली.

जनरल पामर आणि फैज बक्श यांचा मुलगा विल्यम. जन्म 1780 चा, शिक्षण विलायतेत. एरवी अशा मुलाने कंपनीच्या पलटणीत अधिकारी व्हायचे आणि मद्रास, कानपूर, जिथे पाठवतील तिथे जायचे. पण 1791 साली कंपनीने एक हुकूम काढला होता: आई किंवा बाप हिंदुस्थानी असलेल्यांना कंपनीच्या मुलकी आणि लष्करी जागा मिळणार नाहीत. बापाचा हुद्दा कितीही मोठा असो, आईच्या रक्तामुळे मुलाला दार बंद. विल्यमने मग निजामाची चाकरी धरली, काही वर्षांनी ती सोडली आणि 1814 मध्ये रेसिडेन्सीच्या आश्रयाला पेढी काढली. महाराजा चंदूलाल यांच्या कारभारात दरबाराला पैशाची चणचण कायमची असे, आणि पामरची पेढी ती भागवत असे. कर्जाचे आकडे साठ लाखांपर्यंत गेले आणि व्याजही चढे होते. 1820 मध्ये मेटकाफ रेसिडेंट होऊन आला. त्याला हा व्यवहार दौलतीच्या गळ्याचा फास वाटला आणि तो पामरच्या मागे हात धुऊन लागला. अखेर इंग्रज सरकारने निजामाचे कर्ज फेडायला रक्कम दिली, आणि तिच्या बदल्यात उत्तर सरकार प्रांतापोटी निजामाला दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची सोडवून घेतली. पामरच्या हिशेबातल्या रकमा वादात अडकल्या आणि पेढी कोसळली.

त्या पेढीच्या पतनात कोण किती दोषी, यावर इतिहासकार अजून भांडतात. चढ्या व्याजाचा बोजा शेवटी रयतेवरच पडत होता हे खरे, आणि पामरला धडा शिकवणाऱ्यांचे हातही अगदी स्वच्छ नव्हते हेही खरे. आपल्या गोष्टीपुरते एवढेच महत्त्वाचे की विल्यम पामर दिवाळखोर झाला तरी हैदराबाद सोडून गेला नाही. त्याची दौलत गेली, पण घराचा दरवाजा, बैठक आणि गप्पा राहिल्या. आणि त्या घरात एक मुलगी वाढत होती. तिचे नाव मेरी.

एकीकडे मुंबईतली बुडती पेढी आणि तिच्यातून निसटलेला मुलगा, दुसरीकडे हैदराबादची बुडालेली पेढी आणि तिच्या छायेत वाढणारी मुलगी. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते.

टेलर औरंगाबादेत आला तेव्हा त्याच्यापाशी शिक्षण नव्हते, पैसा नव्हता, मोठ्या घराचा आधार नव्हता. होती ती एक चांगली सवय: जिथे राहायचे तिथली भाषा शिकायची. बरोबरीचे अधिकारी शिकार आणि पत्ते यांत रमत असता त्याने मुन्शी ठेवून हिंदुस्थानी भाषा पक्की केली, पुढे मराठी आत्मसात केली. ती हुकूम सोडण्यापुरती नव्हती. गाऱ्हाणे ऐकून घेता येईल, बाजारात उभे राहून बोलता येईल, अशी होती. या भाषांमुळेच अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात त्याला पलटणीतून काढून पोलिसांच्या कामावर नेमण्यात आले. निजामाच्या राज्याचा नैऋत्येकडचा मोठा मुलूख त्याच्याकडे आला. तुळजापूर, गुलबर्गा हा सारा टापू तो घोड्यावरून फिरला. त्या रस्त्यांवर प्रवासी नाहीसे होत आणि त्यांचा मागमूस लागत नसे. यामागे काहीतरी संघटित प्रकार आहे अशी शंका आल्यावरून त्याने चौकशी सुरू केली.

ती चौकशी पुरी झाली असती तर ठगांचा छडा लावणारा म्हणून स्लीमनऐवजी कदाचित टेलरचे नाव झाले असते. पण 1829 मध्ये निजाम सिकंदर जाह वारले आणि नासिरुद्दौला गादीवर आले. आपल्या मुलकी कारभारात इंग्रज अधिकारी नकोत, अशी नव्या निजामांनी मागणी केली आणि गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी ती मान्य केली. टेलरची मुलकी नोकरी त्या फेरबदलात गेली आणि तो पलटणीत परत आला. हातातोंडाशी आलेले यश निसटले, याची रुखरुख त्याला जन्मभर राहिली. स्लीमनची कीर्ती वाढत गेली तशी ती अधिकच बोचली असेल.

पण आयुष्याचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. एका वहीत जे नुकसान लिहिले, ते दुसऱ्या वहीत जमेला धरावे लागते. पोलिसांच्या कामावर राहिला असता तर टेलरचे दिवस तुळजापूर आणि गुलबर्ग्याच्या रस्त्यांवर गेले असते. पलटणीत परतलेल्या टेलरचे पाय मात्र हैदराबादेत पामरच्या घराकडे वळत. या घराची त्याला मोहिनीच पडली होती. विल्यम पामरइतका बहुश्रुत माणूस त्याने हिंदुस्थानात दुसरा पाहिला नव्हता. पुणे दरबारच्या गोष्टी, दिल्लीच्या गोष्टी, वडिलांनी सांगितलेल्या वॉरन हेस्टिंग्जच्या वेळच्या आठवणी, फारसी काव्य, विलायती ग्रंथ, सगळे त्या एका माणसाच्या बोलण्यात होते. शाळा अर्धवट सुटलेल्या टेलरला ते घर म्हणजे विद्यापीठ वाटले असेल तर नवल नाही. आपल्याकडेही जुन्या सुलतान बाजारात, काचीगुड्यात अशी काही घरे होती. श्रीमंती उतरलेली, पण संध्याकाळी ओसरीवर गेले की माणूस शहाणा होऊन परतायचा.

म्हाताऱ्याच्या गप्पा ऐकायला येणारा हा तरुण मग म्हाताऱ्याच्या मुलीच्या प्रेमात पडला. 1832 च्या सुमारास, टेलर चोविशीत असताना, मेरी पामर आणि फिलिप मेडोज टेलर यांचे लग्न हैदराबादेत झाले.

त्या लग्नाला काय अर्थ होता हे समजून घ्यायला हवे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी इंग्रज अधिकारी इथल्या बायकांशी संसार करीत आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे. 1830 पर्यंत हवा पालटली होती. छावणीतल्या बायकांचे जग तयार झाले होते, आजी कोण होती, रंग किती उजळ, याची कुजबुज होऊ लागली होती. नोकरीत वर चढू पाहणाऱ्या तरुणाने विलायतेहून आलेली वधू पाहावी, असा रिवाज पडत चालला होता. टेलरने जिची आजी हिंदुस्थानी बेगम होती आणि जिच्या बापाची पेढी बदनाम होऊन बुडाली होती, अशी मुलगी निवडली. हुंड्याची आशा नाही, ओळखीचा फायदा नाही. उलट पामर हे नाव घेतले की रेसिडेन्सीत भुवया चढत. तरी त्याने ते नाव आपल्या घराशी जोडून घेतले.

या ठिकाणी थांबून साखळीचे दुवे मोजण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. लिव्हरपूलच्या बापाचा धंदा खालावला नसता तर मुलगा निघाला नसता. बॅक्स्टरची पेढी खरी असती तर तो मुंबईचा व्यापारी होऊन मुंबईतच राहिला असता. न्यूनहॅम नात्यातला नसता तर निजामाची सनद मिळाली नसती. कंपनीने 1791 चा तो अन्यायी हुकूम काढला नसता तर विल्यम पामर कुठल्या तरी दूरच्या छावणीत अधिकारी झाला असता आणि मेरी हैदराबादेत जन्मलीच नसती. पेढी बुडाली नसती तर पामरची लेक एका पगारी अधिकाऱ्याच्या वाट्याला येणे कठीण होते. आणि जुना निजाम वारला नसता, तर टेलर आपल्या ठगांच्या मागावर गुलबर्ग्याच्या रस्त्यांवरच राहिला असता. यातल्या एकाही घटनेचा लग्नाशी संबंध नव्हता. बहुतेक तर चक्क संकटे होती. ज्याच्यावर ती आली त्याने त्या दिवशी नशिबाला बोलच लावला असेल.

मेरीशी लग्न झाल्यावर टेलर या मातीला कायमचा बांधला गेला. प्रकृती बिघडल्यामुळे तो रजेवर विलायतेला गेला आणि तिथे 1839 मध्ये त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी प्रसिद्ध झाली. हातातून सुटलेली ती चौकशी अशी कागदावर उतरली. व्हिक्टोरिया राणीला इतकी उत्सुकता लागली की छापून होणारी पाने तिने पुस्तक बांधून व्हायच्या आधीच मागवली. पुढच्याच वर्षी टिपू सुलतानावरची कादंबरी आली. तो लंडनमध्ये नावाजला गेला. पुष्कळांना तिथेच राहण्याचा मोह झाला असता. टेलर परत आला. 1841 पासून तो शोरापूर संस्थानचा कारभार पाहू लागला. आज हे सुरपूर कर्नाटकात यादगिरी जिल्ह्यात आहे, आणि टेकडीवरचा त्याचा बंगला टेलर मंझिल या नावाने अजून ओळखला जातो. लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्राला तो इथूनच मजकूर पाठवीत असे.

शोरापूरला गेल्यावर थोड्याच वर्षांत मेरी वारली. लग्नाला जेमतेम एक तप होत होते. पदरी मुली होत्या. टेलर तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता. त्या वयाच्या विधुराने पुन्हा लग्न करणे हा तेव्हाचा सर्वसाधारण प्रघात. त्याने केले नाही. पुढची तीस वर्षे तो एकटाच राहिला. त्याच्या प्रेमाबद्दल यापेक्षा वेगळा पुरावा आम्हांला लागत नाही.

एकट्या माणसाने माया कुठेतरी लावायचीच. शोरापूरचा बालराजा वेंकटप्पा नायक त्याच्या देखरेखीखाली वाढला. तो टेलरला आप्पा म्हणे. त्या मायेचा शेवट मात्र वाईट झाला. 1858 मध्ये तरुण राजाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो पकडला गेला, त्याला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली, पण बंदिवासात नेत असताना गोळी लागून राजा मरण पावला. टेलर शेवटी इंग्रजांचाच चाकर होता. त्याच्या चांगुलपणाची गोष्ट सांगताना हा भाग झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. ज्या सत्तेसाठी त्याने मुलूख नीट लावला, तिनेच त्याने वाढवलेल्या मुलाचे राज्य गिळले.

मधल्या काळात, 1853 मध्ये, निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे लावून दिला, आणि नळदुर्ग टेलरच्या वाट्याला आले. आपण ज्या किल्ल्यात आज तास-दीड तास फिरतो, तिथे तो राहिला. जमिनीची मोजणी, रस्ते, तळी ही कामे त्याने हाती घेतली. लोक थेट त्याच्यापुढे येऊन मराठीत बोलत आणि तो मराठीत उत्तर देई. मेडोज हे नाव मराठी जिभेवर कसे बसावे? त्याचे महादेव झाले, आणि वयाचा, मायेचा मान म्हणून बाबा लागले. महादेवबाबा! तुळजापूरच्या वाटेवर हे नाव मिळणे ही काही साधी पदवी नव्हे. 1857 मध्ये त्याला वऱ्हाडात बुलढाण्याकडे पाठवले, तेव्हा हाताशी गोरी फौज नसताना त्याने तो प्रदेश शांत ठेवला. भाषा आणि ओळखी याच्या उपयोगी पडल्या.

1860 मध्ये निवृत्त होऊन तो विलायतेला गेला आणि उरलेली वर्षे लिहिण्यात घालवली. काय लिहिले, ते पाहण्यासारखे आहे. 1863 ची तारा ही कादंबरी तुळजापुरात घडते. तिथल्या शास्त्रीबुवांची बालविधवा मुलगी तारा आणि अफझलखानाचा मुलगा फाझिल यांना लढाईच्या धामधुमीत दैव समोरासमोर आणते. शिवकालाच्या अभ्यासकाला तिच्यात खटकणाऱ्या जागा पुष्कळ सापडतील, आणि परक्या माणसाची कल्पना म्हणूनच ती वाचावी. 1872 च्या सीता या कादंबरीत एक इंग्रज अधिकारी आणि एक हिंदू विधवा यांची गाठ पडते ती तिच्या नवऱ्याच्या खुनाच्या खटल्यात. दोघे लग्न करतात, गोऱ्या समाजाच्या नाकाला मिरच्या झोंबतात, आणि शेवटी सीता मरते. एका कादंबरीचा काळ 1657 च्या आसपासचा, दुसरीचा 1857 चा. पण दोहोंत एकच प्रसंग परत येतो: एरवी ज्यांची कधी गाठ पडली नसती अशी दोन माणसे कुठल्यातरी आपत्तीमुळे भेटतात, आणि भेटल्यावर मागे फिरत नाहीत. सीतेची गोष्ट लिहिणारा म्हातारा कोणाला आठवत असेल, हे हैदराबादकराला सांगायला नको.

हैदराबादला तो आणखी एकदा आला. सासरे विल्यम पामर 1867 मध्ये वारले होते. टेलरची दृष्टी पुरती अधू झाली होती. पण 1875 मध्ये सर सालारजंग यांचे बोलावणे आले आणि मुलीला सोबत घेऊन तो निघाला. पंधराव्या वर्षी एकटा आलेला मुलगा सदुसष्टाव्या वर्षी लेकीचा हात धरून आला. जे शहर डोळ्यांनी दिसत नव्हते ते त्याने कानांनी पाहिले असेल: उर्दू, तेलुगू, मराठी बोलणारे तेच बाजार, त्याच हाका. इथेच त्याला ताप आला. परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या मेंटन या गावी 13 मे 1876 रोजी त्याचा अंत झाला. पुढच्या वर्षी त्याचे आत्मचरित्र त्याच्या मुलीने, ॲलिसने, प्रसिद्ध केले. जी लेक मेरीने पदरी ठेवली, तिच्यामुळे बापाची गोष्ट आपल्यापर्यंत आली.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे. योग म्हणजे काय? टेलरच्या आयुष्यात योगायोग भरपूर होते, पण ते त्याला पामरच्या दारापर्यंतच आणू शकले. त्याच दारापर्यंत इतरही अनेक तरुण अधिकारी येत असतील, जेवून, पान खाऊन जात असतील. आजीचा रंग, बापाचे दिवाळे आणि लोकांची कुजबुज हे सगळे माहीत असून आत पाऊल टाकणे, हा योग नव्हता. तो टेलरचा निर्णय होता. आणि मेरीचाही. ज्याची ना घरची दौलत ना मोठा हुद्दा, अशा पोराबरोबर पलटणीच्या मागे फिरायला ती तयार झाली, हेही विसरू नये.

आपल्यातल्या प्रत्येक घराची अशी एक साखळी आहे. कोणाचे पणजोबा मराठवाड्यातल्या दुष्काळात गाव सोडून इथे आले. कोणाचे आजोबा शिक्षक म्हणून वर्षासाठी आले आणि राहिले. कोणाला पुण्याला जायचे होते, पण बदलीचा कागद हैदराबादचा निघाला. त्या दिवशी घरात रडारड झाली असेल, देव पाण्यात ठेवले असतील. आज त्याच कागदामुळे आपण या मांडवात बसलो आहोत आणि आपल्या नातवंडांच्या तोंडी मराठीबरोबर दखनी आणि तेलुगू तितकीच सहज आहे. आजी-आजोबा कुठे भेटले, लग्न कसे जमले, कोण नको म्हणत होते आणि कोणी हट्ट धरला, हे नातवंडांना माहीत आहे का? ॲलिसने बापाचे लिहिलेले सांभाळले म्हणून टेलरची गोष्ट उरली. आपल्या घरच्या गोष्टी अजून तोंडी आहेत, आणि सांगणारी माणसे दर उत्सवाला थोडी कमी होत आहेत.

म्हणून आमची एक सूचना आहे. यंदा विसर्जनाच्या आधी, प्रसादाच्या पंगतीनंतर, घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि एवढेच विचारा: तुमची पहिली भेट कुठे झाली? सांगतील ते वहीत उतरवून घ्या. आणि पुढच्या खेपेला तुळजापूरला निघालात की नळदुर्गच्या किल्ल्यात क्षणभर थांबा. पाणीमहालाच्या सज्जातून पाण्याचा आवाज ऐकताना मुलांना सांगा की इथे महादेवबाबा राहत असत, आणि त्यांचे सासर आपल्या हैदराबादचे होते.